जळकं ऑइल

राजापेठेतल्या गॅरेजमध्ये मेकॅनिकनं माझ्या स्कूटरमधलं जळकं ऑइल डब्यात सोडलं, आणि त्या वासासरशी मी बडनेऱ्याच्या आमच्या घरामागे जाऊन उभी राहिले.

घराची पश्चिमेची भिंत बाहेरून सागाच्या फळ्यांनी मढवलेली होती. पावसाचा सगळा मार तिच्यावरच. म्हणून दर उन्हाळ्यात बाबा रेल्वेची ड्यूटी करून येत आणि त्याच कपड्यांवर शिडी लावून फळ्यांना जळकं ऑइल पाजत. तापलेलं लाकूड ते घटाघटा पिऊन टाकायचं. अशाच एका संध्याकाळी त्यांनी एक फळी बोटानं दाबली, तर आतून भुसाच गळाला.

"सडली न जी ते, बदलून टाका," शिडी धरून उभी असलेली आई म्हणाली.

"सडली नाई, थकली हाये. तेल पाजलं का राह्यते उभी."

आमच्या घरात कुठलीच वस्तू सडत नसे, नुसती थकत असे. बाबा ब्रश बुडवायला वाकले आणि शिडीला कपाळ टेकून तसेच राहिले. आईनं त्यांच्या हातातला ब्रश काढून घेतला.

"उतरा आता. तुमाले कोन तेल पाजन?"

ऑइल पिणारे बाबा डोळ्यांसमोर येऊन मी तेव्हा खदखदून हसले होते. आता त्यांच्या त्या वयाची झाले आहे. ऑफिसातून निघून असं बाकड्यावर टेकलं की उठवत नाही.

"ऑइल बदललं, झालं मॅडम," मेकॅनिक म्हणाला.

"गाडीचं झालं," मी म्हणाले आणि बसूनच राहिले.