माडाखालचे कोच

मला लिफ्टचीसुद्धा भीती वाटते, म्हणून मी चौलच्या एका वाडीतल्या ‘भीतीमुक्त जगा’ या दोन दिवसांच्या शिबिराला नाव घातलं.

शिबिर घेणारे गृहस्थ त्या वाडीचेच मालक. कपाळाला गंध आणि गालाशी माइक. “गुरुजी नको, कोच म्हणा,” असं प्रत्येकाला बजावायचे. पण कुणी वाकलंच तर पाय काही मागे घ्यायचे नाहीत. डोळे मिटून ध्यान सांगताना मधेच एक डोळा उघडून मोबाइलवर व्हिडिओ नीट येतोय ना, तेही बघायचे.

आम्हाला त्यांनी माडांखाली चटयांवर बसवलं होतं. “भीती म्हणजे नुसता विचार. सोडून द्या!” मी वर पाहिलं, तर नेमका माझ्या डोक्यावर नारळांचा घड.

“सर, नारळ पडला तर?”

“ताई, नारळाला डोळे असतात. तो कुणाच्या डोक्यात पडत नाही. विश्वास ठेवा.”

मी ठेवला. मग लक्षात आलं, की सर स्वतः दोन्ही दिवस पडवीत, कौलांखाली बसून बोलत होते. चहाच्या वेळी मी त्यांना तसं विचारलंच. त्यांनी आधी माइक बंद केला.

“नारळाला डोळे हायत हो ताई,” ते हळूच म्हणाले, “वाऱ्याला कुठं हायत?”

सबंध शिबिरात मनापासून सांगितलेलं तेवढंच असावं. लिफ्टची भीती अजून तशीच आहे. शिवाय आता ऑफिसातही खुर्चीत बसण्याआधी मी एकदा वर बघते.