शाळेच्या फाटकापर्यंत

इंग्लंडातल्या हॅथर्सले गावच्या उदारमतवादी क्लबात बाईमाणसाला शिरायला एकच दार होतं, मागचं, कोळशाच्या कोठीशेजारचं. पुढच्या दाराला पितळी पाटी, आत बिलियर्डचं टेबल, भिंतीवर पक्षाचे जुने पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचा माणसाएवढा फोटो. थर्झा ग्रीनवूडने बावीस वर्षांत हे सगळं पाहिलं ते हातात चहाची किटली असतानाच. क्लबाच्या नावात उदार होतं म्हणून क्लबाने उदार व्हावं असा काही नियम नव्हता.

थर्झा मिजलींच्या गिरणीत विणकरीण होती. तिचा बाप उदारमतवादी, प्रार्थनेचं चॅपेल उदारमतवादी, सगळी पूल गल्ली उदारमतवादी. पक्षावर तिचा जीव होता आणि तो उगाच नव्हता. सत्तरी उलटल्यावर तिच्या आईला पोस्टात आठवड्याला पाच शिलिंग पेन्शन मिळू लागली, ती याच पक्षाच्या सरकारने सुरू केलेली. त्या दिवशी म्हातारीने जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या पैशाने लेकीला चहा पाजला होता.

निवडणूक आली की पूल गल्ली थर्झाच्या ताब्यात. मतदार साठ, सगळे पुरुष. कोण रात्रपाळीला आहे, कोण कुठल्या गुत्त्यात सापडेल, कुणाला सरळ सांगितलं तर पटतं आणि कुणाला उलटं सांगावं लागतं, हे सगळं तिच्या डोक्यात. मतदानाच्या दिवशी ती एकेकाला हलवून उठवायची, तोंड धुवायला लावायची आणि शाळेच्या फाटकापर्यंत पोचवायची. मतपेटी शाळेत. फाटकाशी तिचं काम संपायचं. ज्याला स्वतःच्या बुटाची नाडी बांधता येत नव्हती असा झिंगलेला गडी देशाचं सरकार ठरवायला आत जायचा, आणि त्याची नाडी बांधून देणारी थर्झा बाहेर पावसात उभी राहायची.

तिच्या नवऱ्याला, जॉबला, तर दर वेळी ओढूनच न्यावं लागायचं. "अगं, एका मताने काय होणार आहे?" तो कुरकुरायचा.

"तुला नको असेल तर मला दे," ती म्हणायची. मग तो निमूट टोपी घालायचा.

१९१२च्या जूनमध्ये तिथला खासदार वारला आणि पोटनिवडणूक लागली. पक्षाने लंडनहून वकील पाठवला, मिस्टर ऑलनट. सभेत थर्झा बायकांच्या सज्जात उभी राहिली आणि तिने सरळ विचारलं, "निवडून आलात तर बायकांना मताचा हक्क द्यायच्या बाजूने हात वर कराल का?"

ऑलनट गोड हसले. "बाईसाहेब, तुम्ही घरच्या राण्या. राणीने मताची भीक कशाला मागायची?"

खालच्या पुरुषांनी टाळ्या पिटल्या. टाळ्या पिटणाऱ्यांत थर्झाने बूट बांधून दिलेले कितीतरी होते! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी पक्षाच्या महिला शाखेच्या एक्केचाळीस बायकांनी ठराव केला, की या उमेदवारासाठी एक दार ठोठावायचं नाही, एक कप चहा करायचा नाही. शाखेची चिटणीस थर्झाच. पहिली सही तिची.

पक्षाचे अध्यक्ष एनॉक मिजली, गिरणीचे मालक, तिच्या मागापाशी आले. "मिसेस ग्रीनवूड, हा बायकी हट्ट सोडा. हुजूर पक्षाचा माणूस निवडून येईल. आईच्या पेन्शनची तरी जाण ठेवा."

"ठेवली म्हणून तर बावीस वर्षं राबले, साहेब," ती म्हणाली. "आणि पेन्शन काय तुमच्या खिशातून येते?"

मतदानाच्या दिवशी पूल गल्लीत क्लबातले पुरुष छापील यादी घेऊन फिरले. रात्रपाळीवाल्यांना त्यांनी ऐन झोपेत उठवून शिव्या खाल्ल्या. दोन वर्षांपूर्वी वारलेल्या हायरम शॉच्या विधवेला त्यांनी विचारलं, "साहेब घरात आहेत का?" थर्झा गिरणीतून येऊन खिडकीत बसली होती. तिला हसू येत होतं. पण तिच्या हातांनी उभी केलेली गल्ली अशी निसटताना तिला बघवत नव्हती.

संध्याकाळी सहा वाजता दारावर काठी आपटली. शेजारचा म्हातारा अमोस, दोन्ही डोळ्यांनी आंधळा, कोटाला पक्षाची पिवळी फीत लावून तयार. "थर्झा! अगं पोरी, मेलीस की काय? मला न्यायचं विसरलीस?"

"मी नाही येणार, काका. आमचा ठराव झालाय."

"ठराव तुझा झाला. डोळे माझे गेलेत. मी कसा जाऊ?"

ज्याचं मत त्याला देता आलं पाहिजे, एवढंच तर ती मागत होती. तिने शाल घेतली आणि त्याचा हात धरला.

फाटकाशी अमोस दर वेळेसारखा थांबला. "बोल. कुणाचं नाव घेऊ?"

"आज मी सांगणार नाही. मत तुमचं आहे."

"वा गं वा! इतकी वर्षं तूच सांगत आलीस. म्हणजे मत तुझंच होतं. तोंड तेवढं माझं."

तेवढ्यात मिजली पुढे आले. "मला ठाऊक होतं, मिसेस ग्रीनवूड. शेवटी आलात ना वळणावर!" आणि अमोसचा हात स्वतःच्या हातात घेऊन ते आत गेले. थर्झाचे कान तापले.

आंधळ्याचं मत अधिकारी विचारून लिहितो. खोली रिकामी करतात, पण दोन्ही पक्षांची माणसं समोर असतात. अमोसचा जन्म मागांच्या खडखडाटात गेलेला, हळू बोलणं त्याला माहीत नव्हतं. त्याचा आवाज अंगणभर आला.

"थर्झा ग्रीनवूडला!"

मग कुणी काही पुटपुटलं.

"उभी कशी नाही? फाटकाबाहेर बावीस वर्षं उभी आहे! ... नाही लिहीत? मग राहू द्या चिठ्ठी कोरी!"

अंगणात हशा पिकला. मिजली लालबुंद होऊन बाहेर आले. "हे तुम्ही पढवलंत!"

 अमोसला घेऊन थर्झा तरातरा निघाली. म्हातारा खुशीत होता. पुलावर आल्यावर तिचा बांध फुटला.

"वाया घालवलंत, काका! हातातलं मत मातीत घातलंत!"

"अगं, तुझ्यासाठी केलं मी."

"माझ्यासाठी! त्या चिठ्ठीसाठी मी उजवा हात तोडून दिला असता. आणि तुम्ही ती कोरी टाकून आलात!"

अमोसने काठी पुलाच्या कठड्याला टेकवली. मग म्हणाला, "दोन्ही उमेदवार तुला दारात उभी करणारे नव्हते. कुणाचं नाव घेऊ, सांग की."

तिला सांगता आलं नाही, आणि याचाच तिला सगळ्यांत जास्त संताप आला.

ऑलनट नऊ मतांनी पडले. जॉब त्या दिवशी घराबाहेर पडलाच नव्हता. कुणी ओढून न्यायला नव्हतं. चॅपेलात थर्झाच्या बाकावर कुणी बसेना. बावीस वर्षांत बायकांमुळे एकही निवडणूक जिंकल्याचं कुणी म्हटलं नव्हतं. हरली मात्र बायकांमुळे, हे सगळ्यांना एका दिवसात कळलं.

पुढे महायुद्ध झालं. अमोस युद्धाच्या दुसऱ्या हिवाळ्यात वारला. १९१८च्या डिसेंबरात तिशीच्या पुढच्या बायकांना पहिल्यांदा मत देता आलं, तेव्हा थर्झा एक्कावन्न वर्षांची होती.

ती शाळेपाशी आली आणि पाय सवयीने फाटकाशीच थांबले. मागून कुणीतरी म्हणालं, "चला की बाई, पुढं." ती आत गेली. फळ्यांचा एक आडोसा आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. एवढंच होतं आत. तिने एका नावापुढे फुली मारली, कागद दोनदा तपासला आणि पेटीत टाकला.

बाहेर मिजली उभे होते. त्यांनी तिच्यासाठी हॅट काढली, आयुष्यात पहिल्यांदा. "मिसेस ग्रीनवूड, आम्हांला विसरला नाहीत ना?"

"तुम्हांला?" थर्झा म्हणाली. "छे हो, साहेब. फाटकाबाहेरचा एकेक दिवस आठवून फुली मारली."