ज्वारीला आलेला खोकला

आम्ही तिघं जुने सोबती अजूनही भेटलो की चहा गार होतो. एकानं गोष्ट काढली की दुसऱ्याला तिच्यासारखीच दुसरी आठवते, आणि तिसऱ्याला दोघांची चूक दुरुस्त करायची असते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला देवीच्या साथीविरुद्ध मोहीम जोरात होती. परभणी जिल्ह्यात एका खडखडत्या जीपमधून आम्ही गावोगाव लस टोचत फिरायचो. मी नर्स, गायकवाड लस टोचणारे आणि रशीदभाई ड्रायव्हर. पगार थोडा, धूळ भरपूर, आणि किस्से जीपमध्ये मावायचे नाहीत इतके.

*

झरीच्या पलीकडच्या एका गावात आमची जीप शिरली तेव्हा रस्त्यावर कुत्रं सुद्धा नव्हतं. पारावर एक म्हातारेबुवा एकटेच तंबाखू मळत बसलेले.

"बाबा, गाव कुठं गेलं?" मी विचारलं.

"समदे बाजाराला गेलेत, बाई."

"लेकरं पण?"

"लेकरंच आधी गेली."

रशीदभाई शेजारच्या रानाकडं बघत उभे होते. पुरुषभर उंच ज्वारी. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सिस्टर, हवा तो नै है. फिर ज्वार कायकू हिलरी?"

तेवढ्यात ज्वारी खोकली. मग शिंकली. मग आत कुठंतरी एक लेकरू रडायला लागलं आणि कुणीतरी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

गायकवाडांनी म्हाताऱ्याकडं पाहिलं. म्हातारेबुवांनी तंबाखू शांतपणे गालात धरली आणि म्हणाले, "औंदा ज्वारीला लय खोकला हाय, साहेब. काही औषध असलं तर द्या."

आधी ज्वारीच हसली. मग एकेक जण कणसं बाजूला सारत बाहेर आला, तोंड लपवत, दंड पुढं करत.

*

त्याच वर्षी पावसाळ्यात कॉलरा आला आणि आमच्या गळ्यात पाण्याचं काम पडलं. पेडगावकडच्या एका वस्तीवर मी बायकांना गोळा करून घसा फोडून सांगितलं, पाणी उकळूनच प्या, खळखळ उकळू द्या, आळस करू नका.

पुढच्या फेरीला सगळ्यात हुशार वाटलेल्या बाईच्या घरी गेले. सरुबाई तिचं नाव. चुलीवर भलं मोठं पातेलं खळखळत होतं. मला इतका आनंद झाला की मी तिथंच बसले.

"रोज उकळतेस?"

"रोज उकळते की, बाई. तुमी सांगितल्यापासून एक दिवस चुकले न्हाई."

"आणि थंड कसं करतेस?"

"आता एवढं कढत कोण पिणार?" असं म्हणून तिनं विहिरीचा भरला हंडा उचलला आणि निम्मा त्या पातेल्यात ओतला.

त्या दिवशी मला गाणं नव्यानं सुरू करावं लागलं. "उकळा, झाका, आणि आपोआप गार होऊ द्या." शेवटचं वाक्य मी पुढं प्रत्येक गावात दोनदा म्हणायचे.

*

हिवतापाची फवारणी आमच्याकडं नव्हती, पण त्या लोकांची गाडी बिघडली की आमच्या जीपमध्ये त्यांचे पंपसुद्धा चढायचे. एका घरात म्हातारीनं दार अडवलं. गायकवाडांनी समजावलं, की भिंतीवर औषध मारलं की डास बसल्या जागी मरतो.

"बसल्या जागी मरतो?"

"हो, आजी."

म्हातारीनं आत वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मग आधी वसरीत मारा. संक्रांतीपासून जावई बसलाय, हलायला तयार न्हाई."

*

एका गावात ऐन लग्नाच्या दिवशी वऱ्हाड आलं ते देवीची साथ असलेल्या गावावरून. इतकी माणसं परत आपापल्या घरी जाणार, म्हणजे एक आजारी असला तरी तालुकाभर लागण. आम्ही वधूपित्याला हात जोडले. माणूस समजूतदार. त्यानं मांडवाच्या तोंडाशी आमचं टेबल मांडलं आणि जाहीर केलं, "टोचल्याशिवाय पंगतीत कुणी बसायचं न्हाई."

काम झपाट्यानं चाललं. तिसऱ्या पंगतीला एक आडदांड पाहुणा टेबलाशी आला आणि धोतर मांडीपर्यंत वर करू लागला.

गायकवाड दचकले. "अहो, हे काय करायलाय तुमी?"

"पहिल्या पंगतीला डावा हात झाला, दुसऱ्या पंगतीला उजवा झाला. आता मांडीवर घ्या, साहेब. बुंदी लय झकास झालीय."

*

चारठाण्याच्या बाजूला एक गाव होतं. शेजारच्या वाडीत दोन लेकरांना देवी निघाल्या होत्या, त्यातलं एक वाचेल असं वाटत नव्हतं. या गावात तातडीनं टोचणं भाग होतं, पण एकही दार उघडेना. सगळ्यांचं एकच म्हणणं, भागाबाई सांगेल तसं. भागाबाईच्या अंगात देवी यायची.

आम्ही देवळात गेलो. सगळं गाव जमलं. भागाबाई केस सोडून घुमायला लागली. गायकवाड बौद्ध, त्यांचा देवीशी संबंध नाही, पण ते पुढं झाले आणि अगदी कळवळून म्हणाले, "आई, शेजारची लेकरं तापानं फणफणायलीत. इथली तरी वाचू द्या. टोचू का?"

घुमणं वाढलं. मग एकदम आवाज आला, "टोच. आधी मला टोच."

भागाबाईनं दंड पुढं केला. गायकवाडांनी सुई लावली. आणि मग पुजाऱ्यानं बाही सारली, पाटलानं सारली, आयांनी लेकरं पुढं ढकलली. अंधार पडायच्या आत गावात टोचायचं कुणी उरलं नाही.

निघताना भागाबाई ओट्यावर एकटी बसली होती, दंड चोळत. मी शेजारी टेकले आणि हळूच विचारलं, "मावशी, खरंच आली होती का हो देवी?"

"आली होती की."

तिनं दंडावर फुंकर घातली.

"सुई बघितली, अन् मला एकटीला सोडून पळाली."