म्हाळाचं पान

रिहे गावच्या सारजाबाईला मूलबाळ झालं नाही, आणि गावाने ती गोष्ट तिला एक दिवसही विसरू दिली नाही. सासू जिवंत होती तोवर, पोराच्या पदरात दगड पडला म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. बारशाचं बोलावणं तिचं घर वगळून पुढे जायचं. नवरा मात्र भला माणूस. दुसरी कर म्हणून भावकीने कानीकपाळी ओरडून पाहिलं, पण हा गडी बधला नाही. फक्त पंचाहत्तर साली, शेवटच्या दुखण्यात, मनातलं बोलून गेला.

"मला पान कोण वाढंल गं?"

"मी हाय न्हवं," सारजाबाई म्हणाली. तेवढ्यावर त्याने डोळे मिटले.

पान म्हणजे म्हाळाचं. भादव्याच्या पंधरवड्यात घरचे पितर जेवायला येतात, त्यांच्या नावाने पानं वाढतात. ज्याला पोरगा नाही त्याचं कोण बघणार? धाकटा दीर नथू म्हाळ घालायचा, त्यात सारजाबाई आपल्या खाचरातला आंबेमोहर घेऊन जायची, खीर रांधायची आणि नवऱ्याचं पान मांडून घ्यायची. अशी तीनचार वर्षं गेली.

मग तिच्या घराच्या पुढच्या खोलीत शाळेच्या बाई भाड्याने राहायला आल्या. लीलाबाई. नगर जिल्ह्यातल्या, पणजोबापासून ख्रिस्ती. पुढे लोक म्हणाले, या बाईने तिला बाटवलं. बाटवायला त्या बिचारीला सवड कुठे होती? दिवसभर एका खोलीत चार वर्ग सांभाळून घसा बसलेला असायचा. संध्याकाळी तेवढं आपलं शास्त्र, म्हणजे बायबल, मोठ्याने वाचायची सवय, आणि सारजाबाई सूप घेऊन शेजारी बसायची, कारण दुसरीकडे बसायला तिला घर नव्हतं.

चमत्कार ऐकून ती कधी भुलली नाही. एके दिवशी नदीवर जमलेल्या लोकांची गोष्ट निघाली. आम्ही थोर वंशातले म्हणून ती मंडळी मिरवत होती, आणि बाप्तिस्मा देणारा त्यांना खडसावत होता, की कुळाचा तोरा इथे चालायचा नाही, देवाच्या मनात आलं तर तो या दगडांतूनसुद्धा लेकरं उभी करील.

सारजाबाईचा हात सुपात थांबला.

"दगडातनं?"

"हो."

"परत वाचा."

लीलाबाईंनी परत वाचलं.

"मंग बाई, तुमी तुमच्या पणज्याच्या पुण्याईनं तरणार न्हाई?"

"नाही हो. पणजोबांना त्यांचा विश्वास, मला माझा."

ज्या बाईला पुढे वंश नव्हता आणि मागच्या वंशाने कधी आपली म्हटलं नव्हतं, तिला हे ऐकून काय वाटलं असेल ते ज्याचं त्याने समजावं. ती त्या दिवशी पोटभर रडली. वर्षदोन वर्षांनी, एक्याऐंशी साली, पुण्याला जाऊन तिने बाप्तिस्मा घेतला.

तिथल्या ख्रिस्ती देवळात पहिल्याच दिवशी पुढच्या बाकावरच्या रत्नाबाईंनी चौकशी केली, "तुम्ही कुणाच्या?"

"येशूच्या."

"तसं नव्हे हो! मूळ घराणं कुठलं? आमचे आजोबा तर..." आणि मग आजोबा. कुळाचा तोरा तिथेही बाकावर मांडी ठोकून बसला होता. सारजाबाईला हसू आलं, पण हसायचं कुणाबरोबर?

गावाने तिला हात लावला नाही, शिवी दिली नाही. नुसतं सोडून दिलं. एकमेकांच्या खाचरात आळीपाळीने लावणीला जायची रीत होती, त्यात तिला कुणी बोलावेना, तिच्याकडे कुणी येईना. वाकून वाकून तिने एकटीने लावणी केली. त्यातच लीलाबाईंची बदली झाली. जाताना त्यांनी आपलं शास्त्र तिला दिलं, पण वाचायचं कुणी? सारजाबाई रोज संध्याकाळी ते उघडायची, अक्षरांवरून बोट फिरवायची आणि मिटून ठेवायची. इतकं एकटं तिला नवरा गेला तेव्हाही वाटलं नव्हतं.

भादवा आला तसा नथू ओट्याशी येऊन उभा राहिला. आत येईना.

"वयनी, भावकी म्हंते, तुमच्या हातचं चालायचं न्हाई. त्यो नाद सोडा अन् पैल्यासारकं या. न्हाईतर दादाचं पान बी बंद."

"त्येंचा काय गुन्हा, भावजी?"

"बायकू ज्या देवाची, नवरा बी त्याचाच. आता तुमच्या देवानं बघावं दादाकडं."

नथू रागाने बोलला खरा, पण सारजाबाईच्या मनात आशा पालवली. खरंच बघेल का? दुसऱ्या दिवशी ती एसटी धरून पुण्याला गेली. देवळाचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, तरुण होते आणि त्यांना खोटं बोलता येत नव्हतं.

"साहेब, आमी येका ताटात जेवलो. माझ्या विश्वासात त्येंचा वाटा न्हाई का?"

"विश्वास ज्याचा त्याचा असतो, मावशी. तो रक्ताने मिळत नाही, लग्नानेही नाही."

"मंग त्ये कुटं हायेत?"

"मला माहीत नाही. देव दयाळू आहे एवढं माहीत आहे. त्याच्याशी बोला."

परतीच्या गाडीत ती तेच घोळवत बसली. ज्या शब्दाने तिला आत घेतलं त्याच शब्दाने नवऱ्याला दाराबाहेर ठेवलं होतं. तिने ठरवलं, सोडायचं हे. दोन दिवस प्रार्थना बंद. पण भाकरी थापताना, गवत कापताना, ती त्यालाच बजावत होती की मी आता तुझ्याशी बोलणार नाही. तिसऱ्या दिवशी तिने हात टेकले आणि पुन्हा प्रार्थनेला बसली.

नथूला म्हणाली, "भावजी, मला म्हाळाला खोटं बसता यायचं न्हाई. पर तांदूळ घिऊन जावा. रांधा तुमी, पान मांडा."

नथूने तांदळाकडे पाहिलं, तोंड फिरवलं आणि गेला. त्याचेही डोळे भरले होते, पण भावकीपुढे त्याचं काही चालत नव्हतं.

म्हाळाच्या दुपारी ती घरातच बसून राहिली. नथूच्या आणि तिच्या घरात एकच कुडाची भिंत. पलीकडून वड्यांचा वास येत होता, माणसांची गडबड ऐकू येत होती. मग सगळे गप्प झाले. नथू एकेकाचं नाव घेऊन पान ठेवू लागला. आजा झाला. बाप झाला. आता. सारजाबाईने भिंतीला कान लावला. नथूचा आवाज जरा अडखळला, आणि त्याने पुढचं, चुलत्याचं नाव घेतलं.

लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, नवऱ्याचं नाव तिच्या तोंडातून एकदाही निघालं नव्हतं. त्या भागात कोण बाई घेते? अवो म्हणून हाक मारली, आमचं त्ये म्हणून सांगितलं. पाळकांपुढे आणि देवापुढेसुद्धा तेवढ्यावरच भागवलं होतं.

ती उठली. डोक्यावर पदर घेतला, हात जोडले, आणि भिंतीपार जाईल अशा आवाजात म्हणाली, "हैबतराव."

पलीकडे भांडी वाजायची थांबली.

"देवा, हैबतराव म्हंत्यात त्येंला. तुला ठावं नसंल तर मी सांगते. लई चांगला माणूस हुता."