नरसिंहाचा जबडा

समस्त आप्तेष्टांस व भाविकांस अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, त्या वर्षी बेंगळूरमधल्या आमच्या गल्लीतल्या नरसिंहाचं तोंड उघडेनासं झालं होतं.

नरसिंह म्हणजे मी. साठच्या दशकातली ही गोष्ट. आमची मराठी घराणी इथे कित्येक पिढ्यांपूर्वी आली, आणि नरसिंह जयंतीला देवळापुढे हिरण्यकशिपूचा वध करून दाखवायची रीत त्यांनी सोडली नव्हती. नरसिंहाचं सोंग आमच्या घराकडे. मुखवटा नाही. चेहरा रंगवायचा, कागदाचा खांब फोडून बाहेर यायचं, राक्षसाला मांडीवर आडवा घेऊन मारायचं आणि आ वासून गर्जना करायची. गर्जनेने भीती जाते म्हणून झोपेत दचकणारी लेकरं घेऊन बाया तिची वाट बघत पुढे बसायच्या. ज्या घराला एकदा सोंग जमलं नाही, त्याच्याकडून ते दुसऱ्या घरी जाई आणि परत येत नसे.

संक्रांतीला पुतण्यांपुढे मर्दुमकी गाजवायला मी ऊस दातांनी सोलला. कानाजवळ कट् झालं आणि जबडा धरला. तोंडात जेमतेम एक बोट जाई. चावलं की कळ थेट कानशिलात. डॉक्टर म्हणाले, विश्रांती द्या. बायको शेजारणीला म्हणाली, "अक्का, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच या घरात मला माझा आवाज ऐकू येतोय." विश्रांतीने काही झालं नाही. चैत्र सरत आला आणि चुलतभाऊ तब्येतीची चौकशी करायला वरचेवर येऊ लागला. सोंग त्याच्याकडे जाणार होतं, आणि त्याचा आवाज तर शेळीचा.

मी देवळात गेलो आणि देवाला सरळ सांगितलं, "तुझं सोंग, तूच बघ. तुला तोंड नको असेल तर राहू दे." खरं सांगायचं तर ती शरणागती नव्हती, रुसवा होता. प्रसादाचा खोबऱ्याचा तुकडा दातांत अडकला, तीर्थ हनुवटीवरून ओघळलं. तेवढ्यात मागून आवाज आला, "बायि तेगीरि." तोंड उघडा! देव कन्नड बोलतो याचं मला नवल वाटलं नाही. बाईच्या आवाजात बोलतो याचं वाटलं.

वळून पाहिलं तर चष्मा लावलेली एक धिप्पाड बाई. बेळगावकडची, त्यामुळे लगेच मराठीवर आली. पोलिओ झालेल्या मुलांचे हातपाय हलते करायचं काम ती एका हॉस्पिटलात करायची. राजाजीनगरला राहायची, आमच्या देवळात त्या दिवशी पहिल्यांदाच आली होती, तीही पावसाने गाठलं म्हणून आडोशाला. "सांधा आखडलाय. सोमवारी हॉस्पिटलात या," म्हणाली आणि छत्री उघडून गेली.

सोमवारी गेलो. तिने हातमोजा चढवला, एका हाताने माझं डोकं धरलं, दुसऱ्या हाताचा अंगठा खालच्या दाढांवर ठेवला आणि जबडा सावकाश खाली दाबून पुढे ओढू लागली. मी जोर लावून तोंड उघडू गेलो. ती ओरडली, "मदत करू नका, अण्णा! तुम्ही मदत करताय म्हणून दुखतंय. जबडा माझ्या हातात द्या."

ऐकायला सोपं. स्वतःचा जबडा दुसऱ्याच्या हातात देऊन पाहा! दर खेपेला मी थोडा राखून ठेवी आणि दर खेपेला ती ओळखे. "अजून दिला नाहीत." घरी गरम फडक्याचा शेक आणि जीभ टाळूला लावून सावकाश तोंड उघडायचं, एवढाच अभ्यास. एका सकाळी पलीकडच्या खोलीत एक मूल कुबड्यांवर खटखट चालत होतं. ते ऐकता ऐकता माझं भान सुटलं आणि जबडा आपोआप तिच्या हातात गेला. दुखलं नाही. डोळ्यांतून मात्र पाणी आलं. इतकी वर्षं मी देवालाही अशीच मदत करत आलो होतो, हे तिथे त्या लाकडी खुर्चीवर माझ्या ध्यानात आलं.

जयंती उजाडली तेव्हा तोंड बरंच उघडू लागलं होतं, पुरतं नाही. संध्याकाळी खांब फोडून बाहेर आलो. पुढच्या रांगेत लेकरांना धरून बसलेल्या बाया, त्यांच्यात ती बेळगावची बाई, बाजूला सोंग घ्यायला टपलेला चुलतभाऊ. हिरण्यकशिपू झालेला माझा मेहुणा मांडीवर रीतसर मेला. आता गर्जना. एरवी मी छाती भरून जोर लावायचो. त्या दिवशी जबडा सैल सोडला आणि मनात म्हटलं, घे, हा तुझा.

आवाज कुठून आला ते मला सांगता येणार नाही. तो उपचार होता की कृपा, हेही मी ठरवायला बसलेलो नाही. दोघांचेही हात मला लागले, एवढं खरं, आणि दोघांचाही मी ऋणी आहे. माझ्या वाट्याला फक्त मदत न करणं होतं. आईच्या कुशीतलं एक लेकरू डोळे विस्फारून बघत राहिलं, रडलं नाही. आणि थेट माझ्या घशात नजर जाईल अशा जागी मरून पडलेला आमचा हिरण्यकशिपू टुणकन उठून बसला आणि साऱ्या देवळाला ऐकू जाईल असा ओरडला, "अय्यो, अण्णा, उघडलं की हो!"