आक्काचं मत

दुपारचं जेवण झालंय, पंखा गरम वारा फेकतोय आणि मी नुसती पाठ टेकायला म्हणून आडवी होते. झोपायचं अजिबात नाहीये. पाच वाजता वर्ग आहे आणि माझं डोकं तापलंय.

कशानं तापलंय ते सांगते. सुटलेली शाळा पुन्हा धरून दहावीला बसलेल्या बायांना मी नागरिकशास्त्र शिकवते. हक्क, लोकशाही, मतदान. बाया सगळ्या कांदे निवडायला जाणाऱ्या, कामावरून सुटल्या की वर्गात येणाऱ्या. आता आमच्या मुख्याध्यापकांना, देवरे सरांना, हा वर्ग सकाळी भरवायचाय. तसं झालं तर अर्ध्या बाया शाळा सोडतील, कारण सकाळचं काम बुडवून कोण येणार? मी म्हटलं, मत घ्या. सरांनी घेतलं. "सकाळ कुणाकुणाला चालेल?" सगळे हात वर. "संध्याकाळ कुणाला हवी?" पुन्हा सगळे हात वर. कुणाचंच मन मोडायला नको ना. सर हसले आणि म्हणाले, "उद्या परत घेऊ, बाई. तुमच्या लोकशाहीला शेवटचा चान्स." तो उद्या म्हणजे आज.

डोळे जड होतात. पंख्याचा आवाज लांब जातो.

"हेमे, सरक तिकडं."

आक्का खाटेच्या कडेला बसलीय. माझी मोठी बहीण, जाऊन बरीच वर्षं झाली तिला. केस ओले आहेत, नुकती न्हालेली दिसतेय. मला जराही नवल वाटत नाही. उलट बरं वाटतं, ऐकायला कुणीतरी आलं.

"दोन्ही वेळा हात वर केले गं बायांनी," मी सांगते. "एवढं घसा फोडून शिकवलं मी."

"मग तू काय केलंस?"

"ओरडले."

"शाब्बास. हक्क शिकवतेस आणि ओरडतेस."

मी उठून बसते तर खाली खाट नाहीच, बाक आहे. फळ्यावर माझ्याच अक्षरात 'मतदान' लिहिलंय आणि फरशीवर कांद्याची लाल टरफलं भिरभिरतायत. आक्का पहिल्या बाकावर जाऊन बसते, पदर नीट खोचून. तिची शाळा आठवीतच सुटली. बाक तिला लहान पडतोय, पण उठायचं नाव घेत नाही.

"घे माझं मत," ती म्हणते.

"हात वर कर."

"कुणापुढं?"

मी वळते. फळ्याच्या जागी आमची जुनी चूल आहे. आबा, आमचे वडील, पाटावर बसून जेवतायत. समोर आठवीतली आक्का उभी आहे, दोन वेण्या घातलेली. आबा मान वर न करता म्हणतात, "शाळा आता पुरे. चालेल ना, शकू?" आई भाकरी थापायची थांबून बघते. पोरगी मान हलवते. चालेल.

"विचारलं हं आबांनी," माझ्या शेजारून मोठी आक्का म्हणते. "नाही विचारलं असं म्हणता यायचं नाही."

"अगं, त्यांच्या ताटापुढं उभी राहून नाही कशी म्हणणार होतीस तू?"

"तेच तर."

तेच तर. माझ्या अंगावर सर्रकन काटा येतो. वर्गाला खोली देणारे सर समोर उभे असताना आमच्या वर्गातल्या लंकाबाईचा हात वर जाणारच. गुप्त मतदानाचा अख्खा धडा शिकवला आम्ही, आणि मत घेतलं ते हात वर करून. मला इतका आनंद होतो की आता पळत शाळेत जावंसं वाटतं.

"आक्का, आपलं गाडगं कुठंय? चिंचोके ठेवायचो ते?"

ते माझ्या मांडीतच आहे. चूल गेलीय, कांद्याच्या ढिगाआड आम्ही दोघी उकिडव्या बसलोय. "ऐक," मी म्हणते, "प्रत्येकीला एक चिंचोका आणि एक खडा द्यायचा. चिंचोका म्हणजे संध्याकाळ, खडा म्हणजे सकाळ. मूठ झाकून गाडग्यात हात घालायचा आणि दोन्हींतलं एक सोडायचं. कुणाला काय कळतंय?"

"दम खा जरा," आक्का हसते.

"आधी तू टाक. तुझ्यासाठी चिंचोका म्हणजे शाळा आणि खडा म्हणजे आबांचं पुरे."

"आता गं कशाला? मेले मी."

"मेलीस म्हणून काय झालं? तुला नीट विचारायचं राहिलंय."

ती चिंचोका आणि खडा मुठीत घेते. मग मूठ गाडग्यात घालते आणि बराच वेळ तशीच ठेवते. मला वाईट वाटतं, फार वाईट वाटतं, आणि तरी मी श्वास रोखून वाट बघतेय. आत टक् असा आवाज होतो.

"काय टाकलंस?"

"गुप्त असतं ना, बाई?"

बाई म्हणाली मला. मी घाईनं गाडग्यात हात घालते. तळ लागतच नाही, हात खांद्यापर्यंत आत जातो. बोटांना काहीतरी लागतं आणि मी मूठ आवळते.

पंखा. भिंतीवर तिरपं ऊन. खाटेवर मी एकटीच, चार वाजायला आलेत. शाळेत लवकर जायला हवं. खडे अंगणात मिळतील, गाडगं शेजारी मागू, चिंचोकेही कुणाकडं तरी निघतील. रडू आणि हसू एकदमच येतंय. पण आधी ही मूठ सोडवायला हवी. अजून घट्ट आवळलेली आहे, घामानं ओली झालीय.

मी ती उघडते.

चिंचोका आहे.