सिरिलचं वीतभर गांडूळ

सिरिल मूळचा वसईचा, आता शारजातल्या हमरिया फ्री झोनमधल्या एका गोदामाचा स्टोअरकीपर. गूगल मॅप डावीकडे म्हणाला की हा उजवीकडे वळणार, असा माणूस. नोकरी सोडून मायदेशी निघालेल्या एका कॅनेडियन इंजिनिअरने त्याला एक पाकीट दिलं. आत जांभळी, लिबलिबीत, वीतभर लांबीची प्लास्टिकची गांडुळं.

"आमच्या तळ्यांचं पाणी थंड," तो म्हणाला होता. "सगळे सांगतात, थंड पाण्यात आमिष छोटं लावा. मी हेच लावतो, आणि बास मासा हेच गिळतो."

सगळ्यांच्या विरुद्ध जाणारा सल्ला म्हटल्यावर सिरिलला तो पटायला वेळ लागला नाही.

फेब्रुवारीत शारजाचा समुद्रही आपल्या परीने गारठतो. शनिवारी सकाळी सिरिलने बंधाऱ्यावरून गांडूळ सोडलं. शेजारी जगन्नाथ, इंडस्ट्रियल एरियातला टिफिनवाला, गळाला कोळंबी लावून बसलेला.

"अरे, थंडीत मासा धड जेवत नाही, आणि तू त्याला अजगर वाढतोस?"

"थंडीत मासा आळशी होतो, मान्य? मग आळशी माणूस एकेका शेंगदाण्यासाठी दहादा उठेल, की भरल्या ताटासाठी एकदाच?"

"तो उठणारच नाही, हबीबी. कूस बदलेल."

जगन्नाथच्या बादलीत मासे पडत गेले. सिरिलच्या गांडुळाची खेकड्यानंही चौकशी केली नाही. घरी मुलगी करेन म्हणाली, "डॅडा, दॅट्स ग्रोस. इट्स अ स्नेक!"

हे सगळं मनात खदखदत असताना राखेचा बुधवार आला. कपाळावर राखेचा क्रूस घेऊन तिघं घरी परतली आणि लेंटमध्ये, ईस्टरपर्यंतच्या चाळीस दिवसांच्या उपवासात, कोण काय सोडणार हे ठरू लागलं. बायकोने, अँजेलाने, चहातली साखर सोडली, करेनने चॉकलेट. सिरिल छाती काढून म्हणाला, "या गांडुळावर धरलेला मासा या घरात शिजेपर्यंत दुसरा मासा शिजणार नाही!"

अँजेलाच्या हातातला कप तसाच राहिला. लेंटच्या शुक्रवारी मटण धर्माने बंद, आणि आता मासे नवऱ्याने.

"मागे घे, सिरिल."

"कपाळावर राख असताना बोललोय. मागे कसं घेऊ?"

घरात मसूर सुरू झाला. मसूर आमटी, मसूर उसळ, एकदा तर मसुराचे कटलेट, आकाराने थेट पापलेट. पुढच्या शनिवारी अँजेलाने त्याच्या डब्यात चपातीखाली गळाला लावायच्या कोळंबीची पुडी सरकवली. बंधाऱ्यावर सिरिलने ती उघडली आणि जगन्नाथच्या हातात दिली. जगन्नाथने तिच्यावर दोन मासे काढले आणि वहिनींना सलाम सांगितला.

लेंट निम्मा सरला. एका शनिवारी सिरिल गांडूळ तळाशी हळूहळू सरकवत होता. एकाएकी दोरी ताठ झाली, काठी वाकली. "आला रे!" जगन्नाथ स्वतःचा गळ टाकून धावला. पाण्याबाहेर हमूर आला, आखातातला मानाचा मासा, तोंडात अर्धं जांभळं गांडूळ.

सिरिलने तो मोजपट्टीवर ठेवला. कायद्याने ठेवायच्या मापाला बोटभर कमी.

"कोण बघतंय? टाक बादलीत," जगन्नाथ कुजबुजला. "वहिनींचा तरी विचार कर."

सिरिलने मासा अलगद पाण्यात सोडला. "याला सांगून पाठवलंय, थोरल्या भावाला पाठव म्हणून."

घरी जगन्नाथचा फोन आधीच पोचला होता. अँजेला पर्स घेऊन दारातच उभी. "लागला ना मासा? झालं तर! खलास! चल मार्केटला, सुरमई घेऊ."

"शिजला का?"

"काय?"

"मी म्हणालो होतो, शिजेपर्यंत."

"सिरिल, देवालासुद्धा एवढं बारीक ऐकू येत नसेल!"

"मला येतं ना." तो टेबलाशी बसला, ताट पुढे ओढलं. "वाढ मसूर. सगळा बंधारा हसला, तरी हमूर याच गांडुळाला लागला. आता थोरला आल्याशिवाय मी हटत नाही."

अँजेलाने पर्स आपटली. डाव आपटला. मसूर वाढला, तोही जरा जास्तच. मग कमरेवर हात ठेवून तिने विचारलं, "उद्या भरती किती वाजता?"

"सकाळी. पण उद्या रविवार, चर्चमध्ये मिस्सा..."

"मिस्सा संध्याकाळची करू. सकाळी मी येते तुझ्याबरोबर. बघतेच, थोरला कसा येत नाही ते. आणि ते गांडूळ मी लावणार!"